नंबर बघा

कपाळावरचा चष्मा नाकावर ओढायचा. शर्टाच्या खिशातून तिकीट काढून घडी उलगडायची, ते समोरच्याच्या डोळ्यांपुढं धरायचं आणि त्यावरच्या आकड्याखाली बोट ठेवून म्हणायचं, “नंबर बघा.” आवाज चढवायचा नाही, कपाळाला आठी घालायची नाही. समोरचा मग कितीही बोलला, हातवारे केले, चार माणसं गोळा केली, तरी भाऊसाहेबांचं बोट त्या आकड्याखालून हलायचं नाही.

तुमच्याही पाहण्यात असा एखादा असेलच. लग्नाच्या पंगतीत, दवाखान्याच्या रांगेत, बसमध्ये. सगळे “सरका की थोडं” म्हणत असतात आणि हा एकटा सरकत नाही. आपण मनात म्हणतो, काय चिकट माणूस आहे. मीही बावीस वर्षं तेच म्हणत होतो.

वडवणीला एका कचेरीत आम्ही दोघं कारकून होतो. कुठली कचेरी ते राहू द्या, कचेऱ्या सगळ्या सारख्याच. कारकुनाला आमच्याकडं भाऊसाहेब म्हणतात, त्या हिशोबानं मीही भाऊसाहेबच. पण तिथं भाऊसाहेब म्हटलं की माणसं त्यांच्याच टेबलाकडं बघायची आणि मी नुसता आप्पा राहिलो. दोघंही मूळचे चकलांब्याचे. गावात आमची घरं दोन टोकांना होती. त्यांचं घर वडिलांच्या वेळीच बौद्ध झालेलं. आमच्या दादांना, म्हणजे माझ्या वडिलांना, गाव ‘मालक’ म्हणायचं. भाऊसाहेब मला दोन वर्षांनी मोठे. गावात असताना आम्ही एकमेकांशी बोलल्याचं मला आठवत नाही. ओळख झाली ती नोकरीत, डबा उघडताना.

दोघंही बीडला राहायचो आणि रोज सकाळच्या बसनं वडवणी गाठायचो. सकाळच्या बसला जागा धरायची पद्धत तुम्हाला माहीत आहे. बस थांबायच्या आत माणसं खिडकीखाली धावतात आणि रुमाल, टोपी, डब्याची पिशवी, हाताला येईल ते आत टाकतात. एकानं तर घाईत चष्मा टाकला होता आणि स्वतःच त्यावर बसला होता. रुमाल पडला की जागा त्याची, असा अलिखित कायदा. भाऊसाहेबांना तो मान्य नव्हता. ते रांगेतून चढायचे, जागेवरचा रुमाल उचलायचे, त्याची नीट चौकोनी घडी करायचे आणि खिडकीतून बाहेर देत म्हणायचे, “पाव्हणं, रुमाल पडला तुमचा.” आणि बसायचे.

एकदा तो रुमाल माझा होता. मी खिडकीखाली उभा, ते आत. मला वाटलं, आता तरी ओळखीखातर सोडतील. त्यांनी घडी केली, माझ्या हातात दिली आणि माझ्याकडं बघून किंचित हसले. वडवणीपर्यंत मी दांडीला लटकून गेलो.

“आप्पा, राग आला का?” उतरताना त्यांनी विचारलं.

“न्हाई हो.”

“आला आसंल. पर मी रांगेत हुतो.”

दुपारी त्यांनी स्वतःच्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी निम्मी माझ्या पोळीवर काढून दिली. खाण्याच्या बाबतीत त्यांचा हात सैल होता. फक्त जागेवरून उठायचं नाव काढायचं नाही.

त्यांच्याकडं आवक-जावकचं टेबल होतं. कचेरीत येणाऱ्या प्रत्येक कागदावर शिक्का मारायचा, वहीत नोंद करायची आणि आलेल्या क्रमानं आकडा टाकायचा. ज्याचा कागद आधी आला त्याचा आकडा आधी. एवढं साधं काम, पण त्यात किती माणसं दुखावली जातात! कुणा पुढाऱ्याचा माणूस यायचा आणि आदल्या दिवशीच्या तारखेत एखादा आकडा मध्ये बसवा म्हणायचा. माझ्या टेबलाला ते काम असतं तर मी बसवला असता, खरं सांगतो. कोण कटकट करणार? मी जन्मभराचा ‘जाऊ द्या’वाला. भाऊसाहेब त्या माणसापुढं वही फिरवायचे आणि बोट ठेवायचे. “नंबर बघा. मदी जागा दिसती का?” तो म्हणायचा, करायची हो कुठंतरी. त्यावर त्यांचा एकच शब्द असायचा. “कावून?”

हा ‘कावून’ त्यांचा दुसरा आवडता शब्द. आमच्याकडं ‘का’ म्हणजे ‘कावून’. पण इतर लोक तो भांडायला वापरतात. भाऊसाहेब तो खरंच उत्तर हवं असल्यासारखा विचारायचे आणि वाट बघत बसायचे. माणूस मग चिडायचा.

एकदा कुणी मोठे पाहुणे आले म्हणून साहेबांनी भाऊसाहेबांची हाताची खुर्ची दालनात नेली आणि त्यांच्यासाठी भिंतीकडचं स्टूल लावलं. पाहुणे गेले, खुर्ची दालनातच राहिली. भाऊसाहेब स्टुलावर बसले नाहीत. टेबलावर वाकून उभ्यानं नोंदी करू लागले. एक दिवस, दोन दिवस. तिसऱ्या दिवशी मी म्हणालो, “अहो बसा की स्टुलावर. कंबर मोडंल.”

“खुर्ची आली की बसतो.”

“साहेबाला सांगू का?”

“सांगायचं कशाला? त्येला दिसतंय की मी उभा हाय.”

चौथ्या दिवशी साहेबांनी गुपचूप खुर्ची परत पाठवली. भाऊसाहेबांनी ती फडक्यानं पुसली, बसले आणि जणू काही झालंच नाही अशा चेहऱ्यानं पुढचा कागद ओढला. आम्ही त्या गोष्टीवर महिनाभर हसलो. मी तर जास्तच हसलो, कारण एवढ्या तेवढ्यासाठी चार दिवस उभं राहायचं मला सुचलंच नसतं.

चहाच्या वेळी गप्पा निघायच्या. माझी एक ठरलेली गोष्ट होती. मी सहा वर्षांचा असताना दादांबरोबर पहिल्यांदा बसनं बीडला गेलो, ती. दादांचं कोर्टात काम होतं. बस खच्चून भरलेली, तरी मला खिडकी मिळाली होती. खिशात भाजलेल्या शेंगा, तोंडावर वारा, मागं पळणारी बाभळीची झाडं आणि शेवटी बिंदुसरेचा पूल. इतका आनंद मला पुढं नोकरी लागली तेव्हाही झाला नाही. ही गोष्ट मी किती वेळा सांगितली असेल कोण जाणे. मी ती सुरू केली की भाऊसाहेब चहा अर्धा ठेवून शिक्के मारायला बसायचे. मला वाटायचं, ऐकून ऐकून कंटाळले असतील.

शाळेच्या दाखल्यावर जन्मसाल सारखंच लागलेलं, त्यामुळं दोघंही एकाच वर्षी निवृत्त झालो. त्यानंतर करायला काही नसतं हे तुम्हाला कुणी आधी सांगत नाही. सकाळी दाढी करून बसायचं आणि कुठं जायचं ते आठवत राहायचं. अशातच एक दिवस भाऊसाहेब घरी आले आणि म्हणाले, “बोधगयेला जाऊन यावं म्हनतो. इमानानं. तुमी येता का?”

दादांचं गयेला पिंडदान करायचं माझ्याकडून राहिलं होतं. आई असेपर्यंत ती दर वर्षी आठवण करायची आणि मी दर वर्षी ‘बघू’ म्हणायचो. त्यांची बोधगया, माझी गया, दोन्ही गावं एकाच वाटेवर. ठरलं. ते, मी आणि माझी बायको, तिघं. पुण्याहून पाटण्याला विमान आणि पुढं गाडी. तिकिटं त्यांच्या पुण्यातल्या लेकीनं काढली.

जायच्या आधी भाऊसाहेबांचा तीनदा फोन आला. “आप्पा, जागेचा नंबर घिऊन ठिवा. पोरगी म्हनती आधी निवडावा लागतो. मी खिडकी घेतली. वैनीचं अन् तुमचं सांगा तिला.”

“तिथं गेल्यावर बघू की.”

“तिथं त्ये देतील ती घ्यावी लागती.”

“माणसं सरकतात हो भाऊसाहेब.”

“बरं,” ते म्हणाले आणि फोन ठेवला.

व्हायचं तेच झालं. बायकोला भाऊसाहेबांच्या शेजारची मधली जागा मिळाली आणि मला सात ओळी मागं, दोन अनोळखी माणसांच्या मधली. बायको जन्मात पहिल्यांदा विमानात बसत होती आणि विमानतळावर शिरल्यापासून तिनं माझी बाही सोडली नव्हती. मला काही विशेष वाटलं नाही. भाऊसाहेब मागं जातील, मी पुढं येईन, यात विचारण्यासारखं काय होतं?

ते खिडकीत बसून पट्टा लावून तयार होते. मी मधल्या वाटेत उभा, माझ्यामागं लोक खोळंबलेले.

“भाऊसाहेब, तुमी मागं जाता का? ही भ्यायलीय.”

त्यांनी माझ्याकडं बघितलं. चष्मा खाली ओढला. मला कळलं आता काय होणार, आणि तरी माझा विश्वास बसेना. त्यांनी खिशातून पास काढला आणि माझ्यापुढं धरला.

“आप्पा, नंबर बघा.”

“अहो नंबर काय, आपण घरचीच माणसं.”

“घरचीच हायेत. म्हनून तीनदा फोन केलता.”

मागून कुणीतरी म्हणालं, “काका, फॅमिली आहे त्यांची, द्या ना जागा.” विमानातली मुलगी आली. तिनं गोड आवाजात हिंदीत विचारलं, “अंकल, आप थोडा एडजस्ट कर लेंगे?” भाऊसाहेबांनी तिलाही पास दाखवला. ती एवढंच म्हणाली की सीट अंकलचीच आहे, आणि माझ्याकडं बघत राहिली. सगळं विमान मान वळवून आमच्याकडं बघत होतं. कसला तो तमाशा! घामानं माझी बंडी भिजली. बायको “राहू द्या, राहू द्या” करत होती आणि तिचे डोळे भरून आले होते.

मग मी बोललो. ते तसंच्या तसं सांगतो, कारण त्यातला एकही शब्द मला विसरता आलेला नाही.

“भाऊसाहेब, उठा की आता. लोक बघायलेत.”

माझ्या तोंडून ते विनंतीसारखं निघालं नाही. ते कसं निघालं हे मला त्याच क्षणी ऐकू आलं. आमच्या दादांचा आवाज होता तो, ओसरीवरून गड्याला हाक मारतानाचा. भाऊसाहेबांचं बोट आकड्याखाली होतंच. “उठनार न्हाई,” ते म्हणाले. एवढंच म्हणाले.

शेवटी कडेच्या खुर्चीवरच्या एका तरुणानं कानातले बोळे काढले, काय चाललंय ते विचारलं आणि “मी जातो मागं, मला काय” म्हणत बॅग उचलून गेलादेखील. मी त्याच्या जागेवर बसलो. खिडकीत भाऊसाहेब, मध्ये बायको, कडेला मी. प्रश्न सुटला होता, पण माझा राग सुटला नव्हता.

विमान धावायला लागलं तसं बायकोनं डोळे घट्ट मिटले आणि हाताला येईल ते मनगट धरलं. ते भाऊसाहेबांचं होतं. तिच्या बांगड्या त्यांना रुतल्या असणार. त्यांनी हात काढून घेतला नाही.

“वैनी, डोळे उघडू नका. म्या सांगतो काय दिसायलंय ते. आता घरं बारीक व्हायलीत. काड्याच्या पेट्या जशा. आता शेतं आली. ऊस हाय बहुतेक. तिकडं तळं हाय, लई चमकायलंय. आता ढगात शिरलो, आता काईच न्हाई. उगं पांढरं पांढरं.”

ती मिटल्या डोळ्यांनी हसली. मी पुढच्या खुर्चीच्या पाठीकडं बघत बसलो. पाटण्यापर्यंत मी त्यांच्याशी एक शब्द बोललो नाही.

गयेला मी फल्गूच्या काठावर बसून दादांच्या नावानं पिंड ठेवले. भटजी घाईत होते, ऊन कडक होतं आणि नदीत पाणी नव्हतं. भाऊसाहेब घाटाच्या पायरीवर छत्री उघडून दोन तास बसून होते. त्यांना यायचं काही कारण नव्हतं, मी बोलावलंही नव्हतं. काम उरकल्यावर त्यांनी पाण्याची बाटली पुढं केली आणि म्हणाले, “झालं का मालकाचं? बरं झालं. राह्यलं हुतं तुमचं.” दुसऱ्या दिवशी बोधगयेला ते झाडाखाली तासभर मांडी घालून बसले. आम्ही नवराबायको लांब कठड्यापाशी थांबलो. उठून आले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर थकवा होता आणि समाधानही होतं. आमच्यात बोलणं सुरू झालं होतं, पण जेवणापुरतं, चहापुरतं.

परतीच्या दिवशी पाटण्याला विमान उशिरा सुटणार म्हणून जाहीर झालं. भर दुपारची वेळ. तिघं लोखंडी खुर्च्यांवर बसून होतो. गप्प बसून गप्प बसून जीव विटला, म्हणून मी आपली ती जुनी गोष्ट काढली. बायकोनं ती शंभरदा ऐकलेली, तरी काढली. वडिलांचं नुकतंच केलं होतं, त्यामुळं जरा रंगवूनच सांगत होतो. दादा, बस, खिडकी, शेंगा.

“आप्पा,” भाऊसाहेब म्हणाले, “त्या दिशी येष्टीत मी बी हुतो.”

मी थांबलो. इथं त्यांना मारायला शिक्के नव्हते.

“बाप मला बीडाला बोर्डिंगात घालाया निघालता. पायात पत्र्याची पेटी. आमी सकाळपून बसून हुतो, खिडकीत मी, कडंला बाप. मग मालक चढले. संगं तुमी. मालक काईच बोलले न्हाईत, आप्पा. खोटं कावून सांगू? ऊठ म्हनले न्हाईत. नुस्ते येऊन उभं राह्यले. अन् बाप उठला. मला म्हनला, ऊठ.”

“मग?” बायकोनं विचारलं.

“मी म्हनलं, कावून? आपलं तिकीट हाय की. त्यानं पुन्हा म्हनलं, ऊठ. कावून त्ये सांगितलं न्हाई. पेटी डोक्यावर घेतली अन् बीडापस्तोर उभा राह्यला. मरस्तोवर कधी सांगितलं न्हाई त्यानं. म्या बी मग त्येला इचारायचं सोडलं.”

समोरून कुणीतरी चाकाची बॅग ओढत गेलं. मी त्या चाकांकडं बघत होतो.

“तुमी शेंगा खात हुता,” ते पुढं म्हणाले, आणि आता त्यांच्या आवाजात थोडं हसू होतं. “टरफलं खिडकीबाहीर टाकीत हुता. एक शेंग मला दिली तुमी.”

“मी?”

“हां. हात मागं करून दिली. बघितलं बी न्हाई कुनाला दितोय.”

“खाल्ली का मग?” बायको म्हणाली. तिला काहीतरी विचारायचं म्हणून तिनं विचारलं असावं.

“खाल्ली की वैनी. लई भूक लागलती.”

माझ्या आयुष्यातला सगळ्यात सुखाचा प्रवास मी बावीस वर्षं त्या माणसाला चहाबरोबर ऐकवत होतो. मला लाज वाटली. इतकी, की अंगावरचे कपडे जड झाले. माझ्या दादांना मी गयेला मोकळं करून आलो होतो आणि इथं ते पुन्हा बसच्या दारात येऊन उभे होते, काहीही न बोलता. काहीतरी म्हणायला हवं होतं. दोन शब्द पुरले असते. मी म्हणालो, “चहा घेता का?”

“घेऊ की,” भाऊसाहेब म्हणाले.

विमान लागलं. परतीला मी शहाणा होऊन तिघांच्या जागा सलग घेतल्या होत्या. खिडकी त्यांची, मध्ये बायको, कडेला मी. ओळीपाशी आल्यावर ते आत शिरेनात. बाजूला सरले आणि बायकोला म्हणाले, “वैनी, आत जा. खिडकीत बसा.”

“अहो नको, तुमची जागा हाय ती.”

“माझी हाय म्हनून तर देता येती. बसा. येताना डोळे मिटून आलात, जाताना तरी बघा.”

ती बसली आणि पुण्यापर्यंत काचेला नाक लावून होती. मध्येच ती लहान मुलीसारखी ओरडायची, ‘भाऊसाहेब, ती नदी बघा, ती नदी बघा.’ भाऊसाहेब तिच्या खांद्यावरून डोकावून बघायचे. ते आता आम्हा दोघांच्या मध्ये होते, माझं कोपर त्यांच्या कोपराला लागत होतं. मी ठरवलं, उतरायच्या आत बोलायचं. मग ठरवलं, बीडला गेल्यावर निवांत बोलू. तुम्हाला माझा स्वभाव एव्हाना कळलाच असेल.

त्यानंतर वर्षभर आम्ही भेटत राहिलो. रविवारी ते यायचे किंवा मी जायचो. गुडघे, साखर, पोरांचे फोन, पेन्शनरांच्या तक्रारी. दर वेळी ते शब्द माझ्या तोंडाशी यायचे आणि दर वेळी मला वाटायचं, एवढ्या चांगल्या गप्पांत तो विषय कशाला. पावसाळा सरताना एका सकाळी त्यांच्या लेकीचा फोन आला. झोपेतच गेले होते.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम चकलांब्याला होता. बायकोला ताप होता, मी एकटाच गेलो. बस वाटेत तासभर पंक्चर होऊन उभी राहिली, त्यामुळं पोचलो तेव्हा कार्यक्रम सुरू झाला होता. विहारासमोर मांडव, पांढरी कापडं, प्लास्टिकच्या खुर्च्या गच्च भरलेल्या. पुढं भाऊसाहेबांचा फोटो होता. फोटोत चष्मा कपाळावर होता. मला वाटलं, आता तो खाली ओढतील.

मी मांडवाच्या कडेनं पुढं सरकलो, फुलं वाहिली आणि मागं वळलो. पहिल्या ओळीत त्यांचे थोरले भाऊ बसले होते. ऐंशीच्या घरातले, हातात काठी, डोक्याला पांढरा पटका. जन्म गावातच गेलेला, काही वर्षं आमच्या मळ्यात कामालाही होते. घरातला आता सगळ्यात मोठा माणूस म्हणून पहिली खुर्ची त्यांची होती. त्यांनी मला बघितलं आणि काठीवर जोर देऊन उभे राहिले.

“या मालक. बसा.”

मला कुणी मालक म्हणत नाही. मी एक निवृत्त कारकून. माझे गुडघे दुखत होते, दोन तास बसमध्ये आखडलो होतो, आणि ती खुर्ची माझ्यापासून हातभर अंतरावर होती. दोन वर्षांपूर्वीचा मी असतो तर बसलोही असतो. म्हातारं माणूस आग्रह करतंय, कार्यक्रम चाललाय, उगाच शोभा नको, जाऊ द्या.

“तुमी बसा, भाऊ,” मी म्हणालो. “तुमची जागा हाय.”

“न्हाई, न्हाई. तुमी बसा.”

मी त्यांच्या दंडाला हात लावला. ते बसेनात. लोक बघायला लागले, बोलणारा मुलगाही माइकवर अडखळला. खुर्ची आमच्या दोघांच्या मध्ये तशीच. त्यांनी वाकून, हळू आवाजात, खरंच उत्तर हवं असल्यासारखं विचारलं, “कावून बसंना, मालक?”

मी त्यांच्या कानाशी तोंड नेलं. वर्षभर जे तोंडात घोळवत होतो त्यातलं काहीच आठवेना, सुचेल ते बोललो.

“लई वर्षांमागं येष्टीत तुमचे वडील आमच्या दादासाठी उठले. संगं भाऊसाहेब हुते, पेटी घिऊन. त्या जागेवर मी बसलो. आमी बसायला नको हुतं, भाऊ. ती जागा तुमची हुती. चुकलं आमचं.”

ते माझ्याकडं बघत राहिले. त्या बसचं त्यांना काही ठाऊक होतं की नाही, मला आजही माहीत नाही. त्यांनी फोटोकडं बघितलं, मग खुर्चीकडं. मग काठी दोन्ही हातांनी धरून ते सावकाश खाली बसले, अगदी कडेवर, पुन्हा उठावं लागलं तर पटकन उठता यावं तसे.

मी त्यांच्या खुर्चीमागं उभा राहिलो. भाषणं झाली, वंदना झाली, लेक बोलता बोलता रडली. पाय भरून आले होते, पण हललो नाही. कार्यक्रम संपत आला तेव्हा बघितलं, तर थोरल्या भावांनी काठी मांडीवर आडवी ठेवली होती आणि खुर्चीला पाठ टेकली होती.